सोबत पालक आवश्यक

४ जून

भिंगरी,

हे पाकीट तुझ्या हातात द्यावं की नाही, यावर मावशीने दोन दिवस तरी घालवले असतील. तिला दोष देऊ नकोस. मीच फोन करून तिला सांगितलं, पोरीला वाचायचं नसेल तर तुझ्या कपाटात ठेव, पण परत पाठवू नकोस. परत आलेलं पत्र तुझ्या आईच्या हाती पडेल, आणि आमच्यात जे थोडंफार चालू आहे तेही बंद पडेल.

तुला जाऊन सहा महिने झाले. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहितो. घर जागच्या जागी आहे. आईचं गणवेशांचं काम आहे, मशीन सकाळपासून सुरू असतं. माझ्याशी ती गरजेपुरतं बोलते. काल दिवसभरात तीन वाक्यं झाली. ‘नळ गळतोय.’ ‘दार लावून घ्या.’ ‘जेवण झाकून ठेवलंय.’ तू असतीस तर बोटांवर मोजून म्हणाली असतीस, बाबा, आज तीन म्हणजे प्रगती आहे.

मी अजून आरोग्यकेंद्रातच आहे, त्याच नोंदणीच्या खिडकीत. नाव, वय, पत्ता, काय होतंय, केसपेपर घ्या, बाकावर बसा. बावीस वर्षं. झोपेत कुणी हलवलं तरी मी ‘वय किती?’ असंच विचारेन, असं तू म्हणायचीस.

खिडकीवरच्या पाटीवरून तू आईजवळ काय बोललीस ते मला कळलं आहे. ‘अठरा वर्षांखालील रुग्णासोबत पालक आवश्यक.’ ती पाटी मी लावली नाही. नियम वरून आला. अक्षरं मोठी करा, लोकांना दिसत नाहीत, एवढंच मी सुचवलं होतं. उद्या एखाद्या पोरीला काही टोचलं, काही झालं, तर विचारणारे मलाच विचारणार. तू हे समजून घेण्याइतकी मोठी आहेस.

आणि खरं सांगू का, तू मला सांगितलं असतंस तर हे काहीच झालं नसतं. मी काय राक्षस आहे का? कप्तान आपल्या समोरच्या इमारतीत वाढलेला पोरगा. फ्रिज तिसऱ्या मजल्यावर चढवायला तोच आला होता, खांद्यावर घेऊन. संघाचा कप्तान, वागायला नीट, मोठ्यांसमोर मान खाली. तुला क्लासवरून घरी सोडत जा, असं मीच त्याला सांगितलं. बापाने आणखी काय पाहायचं असतं? तू एकदा, फक्त एकदा, येऊन बोलली असतीस.

गेल्या वर्षी आमच्याकडे पाहणीसाठी दोन मुली येऊन बसायच्या, आठवतं? मी घरी त्यांची नक्कल करायचो. वजनकाट्याशेजारच्या बाकावर बसून वहीत खुणा करायच्या. किशोरवयीन मुलामुलींना दवाखान्यात उपचार मिळतात की नाही, यावर त्यांचा अभ्यास होता. तो आता संपला आहे. सोमवारी त्यांच्या मोठ्या बाई येऊन आम्हाला निष्कर्ष सांगणार आहेत. चहा द्यायचा की नाही, यावर कार्यालयात चर्चा चालू आहे.

कानाला थंड वारा लागू देऊ नकोस.

बाबा


१२ जून

भिंगरी,

उत्तराची वाट पाहत नाही. लिहायला बसलो की बरं वाटतं, एवढंच.

सोमवारची बैठक झाली. चहा दिला. बाई साध्या आहेत, आवाज चढवत नाहीत. सुरुवातीलाच म्हणाल्या, कुणावर ठपका ठेवायला आलेले नाही. असं कुणी म्हटलं की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

आपल्या केंद्रात किशोरवयीनांसाठी वेगळी खोली आहे, मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते चार. नऊ महिन्यांत एकट्याने आलेली दोनशे बारा मुलंमुली त्यांनी मोजली. त्यातली एकशे एकतीस त्या खोलीपर्यंत पोचलीच नाहीत. खिडकीवरून परत गेली. एकशे एकतीस. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी समोरच्या कपाकडे बघत बसलो.

मग बाई म्हणाल्या, आकड्यांमागे माणसं असतात, म्हणून काही नोंदी वाचून दाखवते. नावं नाहीत, आमच्याकडेही नाहीत. आणि त्यांनी चष्मेवालीला वाचायला सांगितलं. दोघींतली ती लहान, माझ्याकडे पाणी कुठे मिळेल म्हणून विचारायला यायची ती. तिने चार नोंदी वाचल्या. पहिली पोटात दुखणाऱ्या मुलीची, दुसरी एका मुलाची. तिसरी मी लिहून घेतली. तिच्याकडून मागून घेतली, खरं तर.

‘क्रमांक अठ्ठ्याऐंशी. मुलगी, अंदाजे सोळा-सतरा. डाव्या कानावर तळहात धरलेला. रांगेत चौदा मिनिटं. खिडकीवर बोलणं सुमारे एक मिनिट. रांगेतले लोक हसले. परत गेली. फाटकाबाहेर एक तरुण मोटरसायकलवर थांबला होता.’

ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार.

रांगेत रोज कानदुखीवाले असतात. डावा कान सगळ्यांनाच असतो. मी त्या दिवशी कार्यालयातही हेच म्हणालो. आणि खिडकीच्या मागून माणसाला चेहरेच दिसतात, ते कुणाचे आहेत हे बघायला वेळ नसतो. एकामागून एक केसपेपर

पुढचं आज लिहवत नाही. नळ दुरुस्त केला. वायसर गेलं होतं.

बाबा


२६ जून

बाळा,

मागचं पत्र तू वाचलं असशील तर त्यात मी खोटं लिहिलं आहे. खोटं म्हणजे, अर्ध्यावर सोडलं आहे. तुला सगळं माहीतच आहे, तरी मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. गेले पंधरा दिवस दुसरं काही सुचत नाही.

त्या गुरुवारी तू रांगेत असताना मी तुला पाहिलं होतं. पुढून सातवी-आठवी असशील. मला वाटलं किल्ली विसरली. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आपली मुलगी रांगेत उभी राहून येते, मागच्या दाराने घुसत नाही. रांग पुढे सरकली.

तू म्हणालीस, ‘बाबा.’

मी म्हणालो, ‘किल्ली विसरलीस ना?’

‘नाही. कान दुखतोय. खूप दुखतोय.’

‘मग घरी जाऊन पड. संध्याकाळी तेल घालू.’

‘आत दाखवू का? आज गुरुवार आहे.’

तुला गुरुवार माहीत होता, भिंगरी. तू दिवस बघून आली होतीस. हे मला आता दिसतं. तेव्हा मला मागचे लोक दिसत होते, आणि त्यांच्यासमोर मी पाटीवर बोट ठेवून, जरा मोठ्यानेच म्हणालो, ‘सोबत पालक आणा बाई. नियम सगळ्यांना सारखा.’

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, ‘वा साहेब, असा माणूस पाहिजे.’ आणि मला ते आवडलं. दिवसभर आवडत राहिलं. संध्याकाळी मी आईला ते वाक्य ऐकवलं, आठवतं?

तुझा पालक खिडकीच्या आत बसला होता. केसपेपरवर सही करायची जागा त्याच्या अंगठ्याखाली होती. हे बावीस वर्षं खिडकीत बसलेल्या कारकुनाला सुचलं नाही.

तू आणखी एक म्हणालीस, ‘आईला नका सांगू.’ मी विचारायला हवं होतं, काय नको सांगू? मी फाटकाकडे पाहिलं. कप्तान गाडीवर बसला होता. त्याने हात हलवला. मीही हलवला. म्हणालो, ‘तो आहे ना बाहेर? त्याच्याबरोबर जा, तो सोडेल.’

चष्मेवालीने हे वाक्य लिहिलेलं नाही. तिला ऐकू आलं नसेल.

आणि संध्याकाळचं. तू नको नको म्हणत होतीस आणि मी तुझं डोकं मांडीवर धरून कोमट तेल घातलं. तू ओरडलीस. मी म्हणालो, ‘एवढंसं तेल, त्याचं काय एवढं.’ पडदा फाटलेला होता, बाळा. त्याची थप्पड इतकी जोरात होती. फाटलेल्या पडद्यातून ते तेल आत गेलं, कान आतून पिकला आणि शस्त्रक्रियेपर्यंत गेलं. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, कानात काही घातलं होतं का? मी म्हणालो, आठवत नाही. आई शेजारी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती डॉक्टरांना म्हणाली, ‘तेल. यांनी घातलं.’

त्या दिवसापासून ती तुझ्या खोलीत झोपते.

बाबा


१५ जुलै

बाळा,

चष्मेवाली परवा केंद्रात आली होती, उरलेले कागद न्यायला. मी तिला थांबवलं. म्हणालो, अठ्ठ्याऐंशी माझी मुलगी होती.

ती उभी होती ती वजनकाट्यावरच बसली. काटा पंचेचाळीसवर गेला आणि तिथेच राहिला. मग म्हणाली, ‘काका, आम्हाला मध्ये बोलायची परवानगी नव्हती. फक्त बघायचं आणि लिहायचं. ती माझ्या अंगावरून गेली. मला दिसत होतं की तिला खूप दुखतंय. मी वेळ लिहिली.’

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार? ती म्हणाली, तिने हे काम सोडलं आहे. अहवालात शिफारस आहे, पालकांची अट काढा, मुलीला निदान एकदा एकटीला आत बसवून विचारा. मोठ्या साहेबांनी तो अहवाल कपाटात ठेवला. मागच्या आठवड्यात पाटी नव्याने रंगवून आली.

मला आणखी एक लिहायचं राहिलं आहे. तेलाबद्दल तू मला कधीतरी माफ करशीलही. अज्ञान होतं. हे अज्ञान नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या कानामागे टाके होते, डोक्याला पट्टी होती. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढून तुला एकटीला विचारलं, आणि तू त्यांना सांगितलंस. किती महिने, कशाकशावरून, फोन कसा तपासायचा, क्लास सुटल्यावर कुठे थांबवायचा. डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, हे मारहाणीचं प्रकरण आहे. मी काय म्हणालो ते तू दारातून ऐकलंस. मी म्हणालो, ‘या वयात मुली थोडं वाढवून सांगतात.’

आई तक्रार करायला निघाली. मी जिन्यात तिला अडवलं. म्हणालो, आधी मुलाची बाजू ऐकू, उगाच एखाद्याचं आयुष्य नको खराब करायला. आणि मी त्याच्याकडे गेलो. तो रडला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. म्हणाला, काका, जरा हात लागला, ती फार चिडवते हो, माझं तिच्यावर फार प्रेम आहे. त्याचे खांदे हलत होते. आपला फ्रिज खांद्यावरून वर चढवणारा पोरगा, मला वाटलं, याला समजून घ्यायला हवं.

मी त्याला रुग्णालयात घेऊन आलो. मी आणलं. भेटायच्या वेळेत, फाटकावर माझं ओळखपत्र दाखवून. माझ्या डोक्यात होतं, दोघं समोरासमोर बसतील, तो माफी मागेल, विषय संपेल. मी तुला म्हणालो, ‘बघ कोण आलंय.’

तू भिंतीकडे तोंड केलंस. चांगला कान उशीत गेला. आता तुला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तो बोलत होता, आणि मी त्याला म्हणत होतो, बोल, बोल, ती ऐकतेय.

आईने त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. नंतर मला. मला कॉलर धरावी लागली नाही.

तू घर सोडलंस तेव्हा मी लोकांना सांगितलं, मावशीकडे हवापालटाला गेली. अजून तेच सांगतो.

बाबा


९ ऑगस्ट

बाळा,

मी तिकडे येऊन गेलो. मावशीला माहीत नाही. तिच्यावर रागावू नकोस.

रजा काढली, आईला सांगितलं कार्यालयाचं काम आहे. बारा वाजता बसमधून उतरलो आणि मावशीच्या रोपवाटिकेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, सायकलदुरुस्तीच्या दुकानापाशी उभा राहिलो. तू काळ्या पिशव्यांमधल्या रोपांना पाणी घालत होतीस. केस कापले आहेस. बरे दिसतात.

एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्या तुझ्या डावीकडून बोलत होत्या. तू आधी हसलीस, मग अख्खी वळलीस, पायांसकट, आणि उजवा कान त्यांच्याकडे केलास. इतकं सवयीने, की त्या बाईंना कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मला तक्ता दाखवून सांगितलं होतं, डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही. मी मान हलवली होती. तक्त्यावर ती एक खाली गेलेली रेघ होती. ती रेघ म्हणजे हे, हे मला रस्त्याच्या पलीकडून कळलं.

त्या बाई गेल्यावर मी रस्ता ओलांडला. तू कुंपणापाशी खाली बसली होतीस, पाठमोरी, डावी बाजू माझ्याकडे. पाच-सहा पावलं अंतर असेल. मी हाक मारली. भिंगरी म्हणालो.

तू वळली नाहीस. तुझा हात मातीत होता, तो तसाच चालत राहिला.

तुला ऐकू गेलं नाही, की ऐकू जाऊन तू वळली नाहीस, हे मला कळलं नाही. पुन्हा हाक मारली असती तर कळलं असतं. म्हणून मारली नाही. दीडच्या बसने परत आलो.

काय काम झालं, हे आईला जाणून घ्यायचं नव्हतं. तिने विचारलं नाही.

बाबा


११ सप्टेंबर

बाळा,

मला निलंबित केलं आहे. आईकडून कळेल, म्हणून आधीच सांगतो. तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. झालं ते कुणाच्याच उपयोगाचं झालं नाही.

मागच्या मंगळवारी दुपारी अडीचला एक मुलगी रांगेत आली. लांब बाह्यांचा सदरा, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. मी फाटकाकडे पाहिलं. तो होता. तीच गाडी. त्याने हात हलवला. दहा महिन्यांत मी त्याला हात हलवला नव्हता, पण त्याने सोडलं नव्हतं.

मुलगी खिडकीशी आली. मी विचारलं, ‘वय किती?’

‘सोळा.’

‘सोबत कोण आहे?’

ती फाटकाकडे बघून म्हणाली, ‘कुणी नाही. आई कामावर असते. मी मग येते.’ आणि ती वळलीच. मी म्हणालो, थांब.

मी केसपेपर भरला. पालकाची सही असते तिथे माझी सही केली. पुढे नातं लिहायची चौकट असते. ती रिकामी सोडली की सिस्टर कागद परत पाठवतात. मी तिथे ‘वडील’ लिहिलं. खिडकी बंद केली, रांग तशीच सोडून बाहेर आलो आणि मुलीला घेऊन त्या खोलीत गेलो. मागे लोक ओरडत होते, साहेब, हे काय, आम्ही कधीचे उभे आहोत. कुणी वा म्हणालं नाही.

आतल्या डॉक्टरीणबाईंनी मनगट पाहिलं. बाही वर केली तर दंडावर चार बोटं उमटलेली, हिरवीनिळी. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी दारापाशी थांबलो. मनात म्हणालो, आता बोल पोरी, बोलून टाक.

दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, बाथरूममध्ये पडले म्हणते. एकच गोष्ट धरून बसली आहे. तुम्ही तिचे वडील ना, तुम्ही विचारा.

मी आत गेलो. म्हणालो, ‘घाबरू नकोस. मला माहीत आहे कुणी केलं. तो माझ्या मुलीला पण मारायचा.’

तिने माझ्याकडे जे पाहिलं, बाळा, ते तुला कसं सांगू? ती बाकावर मागे मागे सरकत भिंतीला टेकली. म्हणाली, ‘तुम्ही कप्तानचे काका ना? त्याने सांगितलंय, खिडकीतले काका आपले आहेत, तू काय बोललीस ते मला कळेल. मी काही बोलले नाही हो. त्याला सांगा, मी काही बोलले नाही.’

मी किती सांगितलं. शपथ घेतली. ती रडतच राहिली आणि तेच म्हणत राहिली, मी पडले, मी पडले. तिला आत नेणाऱ्या एकुलत्या एका माणसाला ती त्याचा माणूस समजत होती. आणि ती चुकीची कुठे होती?

मनगटाला पट्टी बांधून डॉक्टरीणबाईंनी तिला सोडलं, दोन दिवसांनी परत ये म्हणाल्या. ती गाडीवर त्याच्या मागे बसली. बांधलेला हात धरायला येईना, तर त्याने मागे हात करून तो स्वतःच्या कमरेभोवती घेतला. हळूच, जपून. बघणाऱ्याला वाटलं असतं, किती काळजी घेतो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. त्यांना कप्ताननेच सांगितलं होतं, की केंद्रातला कारकून तुमच्या मुलीचा बाप बनून तिला आत घेऊन गेला. कप्तान त्यांच्याबरोबर आला होता. साहेबांच्या खोलीत ते गृहस्थ खुर्चीवर बसायला तयार नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता सगळं. म्हणालो, तिचा दंड बघा, एकदा घरी जाऊन बाही वर करून बघा. ते म्हणाले, ‘तुमची पोरगी घर सोडून पळाली म्हणे. आधी आपलं घर बघा.’ कप्तान मान खाली घालून उभा होता, मोठ्यांसमोर उभा राहतो तसा.

साहेबांनी विचारलं, खोटी सही का केलीत? मी म्हणालो, खरी करायची होती तेव्हा केली नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

ती मुलगी पट्टी बदलायला आली नाही. तिची शाळा बंद केली आहे, असं सिस्टर सांगत होत्या. म्हणजे जी एक जागा होती जिथे तो आत येऊ शकत नव्हता, तीही मी घालवली. आई तिच्या घरी गेली होती, पत्ता मी केसपेपरवरून दिला. दार उघडलं नाही कुणी. मग आम्ही दोघं चौकीत गेलो, तुझी तक्रार घेऊन, एवढ्या उशिरा. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, मुलीचा जबाब लागेल, डॉक्टरांचे कागद लागतील, आणि तेव्हा का आला नाहीत ते लेखी द्यावं लागेल. ते मी देईन. जबाबाचं तुला विचारत नाही. आईने सांगितलं आहे, तिला विचारायचं नाही, ती स्वतः म्हणाली तर बघू. परत येताना आई माझ्या बरोबरीने चालत होती. घरी येऊन मशीनवर बसली आणि कापड न लावताच मशीन चालवत राहिली.

खिडकीत आता दुसरा माणूस बसतो. त्याने पाटीवरची धूळ पुसून घेतली. नीट, शिस्तीचा माणूस आहे.

परवा नऊ तारखेला तू अठरा वर्षांची झालीस. शुभेच्छा लिहायला पेन उचललं आणि हे सगळं लिहून बसलो. आता तुला कुठल्याही दवाखान्यात एकटीला जाता येईल. नाव, वय सांगायचं आणि आत जायचं. कुणाचीही सही लागणार नाही. माझीसुद्धा.

बाबा